तार षड्जाचे साधक : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आषाढीची वारी निघाली की दरसाल एक गोष्ट आमच्या पाहण्यात येते. आळंदीहून निघताना दिंडीतल्या तरुण टाळकऱ्यांचे आवाज कसे खणखणीत असतात. पुण्याचा मुक्काम होतो, दिवे घाट लागतो आणि मग उत्साहाला उधाण येते. एकजण चाल वर उचलतो, दुसरा त्याच्याही वर नेतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात, चेहरे लाल होतात. सासवडला घसा खरखरू लागतो. लोणंद-फलटणपर्यंत पोचतो न पोचतो तो आवाज पार बसलेला. आणि वाखरीला, जिथे सगळ्या पालख्या एकत्र येतात, जिथे पोटभर भजन करावे, तिथे हा गडी बिचारा नुसते ओठ हलवीत उभा! मग कोणी ज्येष्ठमध देतो, कोणी सुंठ-खडीसाखर देतो. पण गेलेला आवाज काही वाटेत सापडत नाही.

त्याच दिंडीत सत्तरी ओलांडलेले एखादे वीणेकरी बुवा असतात. तेही रोज तितकेच गातात. वरच्या चालीही म्हणतात. परंतु पंढरीच्या वाळवंटात त्यांचा आवाज आळंदीला होता तसाच असतो. हे कसे? म्हाताऱ्याच्या अंगी तरुणापेक्षा जोर अधिक म्हणावा, तर तसे नाही. मग त्यांच्यापाशी असे काय आहे, जे ह्या पोरांपाशी नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका थोर गवयाच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. ते चरित्र आहे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे. वरचा स्वर कसा घ्यावा, तो किती वेळ धरावा आणि इतके करूनही गळा शेवटपर्यंत कसा राखावा, ह्याचा त्यांच्याइतका स्वच्छ दाखला आम्हांस दुसरा आढळला नाही. खाँसाहेब मुसलमान होते, वारकरी नव्हते. पण ज्या संप्रदायाने शेख महंमदांचे अभंग प्रेमाने गायिले, त्याच्या भजनकऱ्यांनी सुराच्या बाबतीत अशा एका साधकाकडून दोन गोष्टी शिकाव्यात, ह्यात संकोच तो कसला?

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानात कैराना ह्या गावी झाला. त्या गावावरूनच त्यांच्या घराण्याला किराणा घराणे हे नाव पडले. घरात गाण्याबजावण्याचा पिढीजात धंदा. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्यापाशी त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. ह्या घराण्यात सारंगी आणि बीन ही वाद्ये मोठ्या मानाची. स्वतः अब्दुल करीमांचाही हात वाद्यांवर चालत असे. ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण पुढच्या सगळ्याचे मूळ तीतच आहे. सारंगीवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी मारून चालत नाही. बोट सरकवीत, मधली सगळी जागा ओलांडीत जावे लागते. बीनकार तार ओढून स्वर वर नेतो, आणि तो किती ओढायचा हे त्याचा कान ठरवतो, जोर ठरवीत नाही. किराण्याचा गळा ह्या वाद्यांच्या सहवासात घडला. वरच्या स्वरावर झडप घालायची नाही, त्याच्याकडे सरकत जायचे, हा धडा खाँसाहेबांना घरातच मिळाला.

तरुणपणी ते आपल्या बंधूंसह बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारी गवई झाले. पुढे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाची अखेर जवळ आली असता त्यांनी बडोदे सोडले. बडोद्याच्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याबरोबर आल्या. मुंबई झाली, आणि मग मिरज. मिरजेने त्यांना कायमचे आपलेसे केले. गाव सतारी-तंबोऱ्यांचे, गाव गवयांचे. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची मोठी श्रद्धा होती. दर्ग्यात बसून ते सेवा म्हणून गात. संतसत्पुरुषांची ओढही त्यांना फार. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्शनाला ते गेले आणि त्यांच्यापुढेही त्यांनी आपले गाणे ठेवले. गाणे हे पोट भरण्याचे साधन खरे, पण त्याहून अधिक काही आहे, हे त्यांनी मनोमन धरले होते.

आता त्यांच्या आवाजाविषयी. खाँसाहेबांचा आवाज भारदस्त, बुलंद असा नव्हता. तो बारीक होता, गोड होता आणि पुरुष गवयाच्या मानाने त्यांची पट्टी उंच होती. ते नाट्यगृहांत गात, बैठकीत गात, उघड्यावरही गात. उमेदीच्या काळात ध्वनिक्षेपक कोठला? तरीही त्यांचा तार षड्ज दूर बसलेल्या माणसाच्या कानात जाऊन भिडे. असे का व्हावे? तर तो स्वर तंबोऱ्याशी तंतोतंत जुळलेला असे. सुरात लागलेला स्वर तंबोऱ्यात मिळून दुणावतो. बेसूर स्वर मोठा असला तरी जवळच्या जवळ विरून जातो. वाचकहो, जोर म्हणजे आरडाओरडा नव्हे, हे खाँसाहेबांच्या गाण्याने सिद्ध केलेले पहिले सत्य.

म्हणूनच तंबोऱ्याच्या बाबतीत ते अतिशय काटेकोर असत. तारा जुळविण्यात कितीही वेळ गेला तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे. घोडीवरील जवारी स्वतःच्या हाताने सुधारावी, खुंट्या पाहाव्यात, मोडके वाद्य उघडून दुरुस्त करावे, ही कामे ते आवडीने करीत. त्यांच्या सूक्ष्म सुराची कीर्ती एवढी, की देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे बावीस श्रुतींचा अभ्यास करीत होते, त्यांनीही खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला.

सन १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. तेथे शिष्यांनी गुरूच्या घरी राहावे, तेथेच जेवावे आणि रात्रंदिवस सुरात असावे, अशी रीत होती. ह्या परंपरेतला अभ्यास कसा चाले, ते आमच्या टाळकऱ्यांनी नीट ध्यानी घ्यावे. वरचा स्वर पाहिजे, म्हणून कोणी वरच्या स्वरापासून आरंभ करीत नसे. पहाटे उठायचे, तंबोरा घ्यायचा आणि खाली उतरायचे. मध्य षड्जाच्याही खाली, मंद्र सप्तकात. ह्याला खर्ज भरणे म्हणतात. एकेक खालचा स्वर घ्यायचा आणि श्वास पुरेल तोवर तो न हलता धरायचा. महिनेच्या महिने हेच. ऐकणाऱ्याला कंटाळा यावा, गाणाऱ्यालाही यावा. पण इमारत उंच करायची तर गवंडी आधी पाया खणतो, तो कळसावर चढून बसत नाही. गळ्याचेही तसेच आहे.

ह्या खर्जाने होते काय? खालचा स्वर ओरडून निघतच नाही. त्यासाठी श्वास पोटापर्यंत भरावा लागतो, खांदे सैल सोडावे लागतात, जबडा मोकळा ठेवावा लागतो. ही सवय एकदा अंगवळणी पडली, की माणूस वर जातानाही तसाच मोकळा राहतो. शिवाय खालचा स्वर लांबविताना श्वास पुरवून पुरवून खर्च करावा लागतो. हीच काटकसर वरच्या स्वराला कामी येते.

ह्या शिस्तीची खरी कसोटी लागली ती रामभाऊंच्या बाबतीत. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, जन्म १८८६ सालचा. लहानपणी त्यांचा आवाज मधुर होता. पुढे वयात येताना तो फुटला आणि जाड, हट्टी झाला. वर जाईना, वळेना. असे झाले म्हणजे बहुतेक जण एक तर गाणे सोडतात, नाही तर जबरदस्तीने आवाज वर खेचून उरलासुरला गळाही घालवितात. खाँसाहेबांनी त्यांना दोन्ही करू दिले नाही. आठ वर्षे शिकेन, असे कबूल करून घेतले आणि थोडेच राग, थोडेच पलटे देऊन तेच तेच वर्षानुवर्षे घोटून घेतले. रामभाऊंचा गळा कधीच आपण होऊन सोपा झाला नाही. बैठकीच्या आरंभी तो अडे, खरखरे. परंतु तासाभराने असा मोकळा सुटे की श्रोते देहभान विसरत. पुढे ते नाटकात गेले, हे गुरूंना रुचले नाही. पण तेच रामभाऊ सवाई गंधर्व म्हणून महाराष्ट्रभर गाजले. ज्यांना देवाने तयार गळा दिला त्यांची गोष्ट वेगळी. ज्याचा गळा फुटला त्यालाही साधनेने तार षड्ज मिळाला, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

खाँसाहेबांचे कान सर्व दिशांना उघडे होते. ते कर्नाटकाकडे वरचेवर जात, म्हैसूरच्या दरबारी त्यांचा मोठा सन्मान झाला. तिकडच्या विद्वानांचे गाणे त्यांनी मन लावून ऐकले, त्यातली सरगम उचलली आणि त्यागराजांची रामावरची कृतीही ध्वनिमुद्रिकेवर गायिली. मराठी नाटकातली पदेही त्यांनी आपलीशी केली. ‘मानापमान’ नाटकातल्या दोन पदांच्या त्यांच्या मुद्रिका जुन्या मंडळींच्या चांगल्या स्मरणात आहेत. भाषा दुसरी, चाल दुसरी, पण सूर तोच.

त्या जुन्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या. आज त्या कोणालाही सहज ऐकता येतात. ज्यांना वरचा स्वर शिकायचा आहे, त्यांनी भैरवीतली त्यांची ठुमरी एकदा शांतपणे ऐकावी. मात्र गोडी घेण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी ऐकावी. स्वर वर जाताना काय होते ते बघा. आवाज फुगत नाही. उलट तो किंचित बारीक होतो. निषादावरून षड्जावर तो टणकन आदळत नाही, मींडेने हळूच टेकतो. टेकल्यावर थरथरत नाही. आणि तेथून खाली येताना घाई नाही. ज्या वाटेने वर गेला त्याच वाटेने, एकेक पायरी मोजीत उतरतो.

ह्यात शास्त्र आहे. आपल्या कंठात दोन लहान पडदे आहेत, त्यांना स्वरतंतू म्हणतात. त्यांच्या कंपनाने आवाज होतो. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर मंद्र षड्ज १२० चा आणि तार षड्ज ४८० चा. म्हणजे वरच्या षड्जाला ह्या पडद्यांना दुप्पट वेगाने हलावे लागते. तंबोऱ्याची तार वर चढवायची तर आपण खुंटी पिळतो, तार जोराने छेडीत नाही. जोराने छेडली तर ती मोठी वाजेल, उंच होणार नाही. कंठाचेही तसेच. स्वर उंच होतो तो पडदे ताणून पातळ झाल्याने. तो ताण देणारे स्नायू नाजूक आहेत, ते सवयीने हळूहळू तयार होतात. ते तयार नसताना माणूस खालून वाऱ्याचा धक्का देतो. मग पडदे एकमेकांवर आपटतात, सुजतात, आवाज घोगरा होतो. असेच वारंवार होत राहिले तर त्यांवर गाठी धरतात. दिवे घाटात आमच्या पोरांचे नेमके हेच होते. त्यांची भक्ती कमी नसते, श्रद्धा कमी नसते. खुंटी पिळायची सोडून ती तार तोडीत असतात, एवढेच.

खाँसाहेबांच्या संसाराला मात्र सुराची साथ शेवटपर्यंत लाभली नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही सगळी त्यांचीच मुले. पण ती आईच्या आडनावाने आणि आपापल्या नावाने मोठी झाली. हिराबाईंच्या स्वच्छ, निर्मळ तार षड्जाची पुढे महाराष्ट्रात ख्याती झाली. तो षड्ज ऐकताना जाणत्यांना बापाची आठवण होई. घर मोडल्यावर खाँसाहेबांनी पुन्हा मिरज जवळ केली. ह्या दुःखाविषयी त्यांच्या गाण्यात तक्रार नाही, आक्रोश नाही. उतारवयातल्या त्यांच्या मुद्रिकांत करुणा आहे, पण तीही सुराची मर्यादा सोडीत नाही. वरच्या स्वरावर ताबा ठेवणे म्हणजे मनावर ताबा ठेवणे, असे जे म्हणतात, त्याचा अर्थ आम्हांस येथे उमगला.

१९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ते मद्रासकडे गेले होते. तेथून गाण्यासाठी पाँडिचेरीस श्रीअरविंदांच्या आश्रमाकडे निघाले. वाटेत आगगाडीतच छातीत दुखू लागले. शिंगपेरुमाळ कोईल हे एक लहानसे स्टेशन. तेथे ते उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर बिछाना घातला. त्यांनी ईश्वराची प्रार्थना केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागाचे सूर लावले. त्या सुरातच त्यांनी देह ठेवला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. मृत्यू समोर उभा असता माणूस एक तर घाबरतो, नाही तर आकांत करतो. ह्या पुरुषाने सूर जुळविला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. तेथे त्यांच्या स्मरणार्थ गायक दरसाल सेवा करीत आले आहेत.

आता कैरान्याची ही वाट पंढरपुराला कशी मिळाली, तेही सांगतो. गदगचा एक पोरगा होता. त्याने लहानपणी एका दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी वाजताना ऐकली आणि त्या सुराने त्याला असे वेड लागले की १९३३ साली तो गुरूच्या शोधात घरातून पळाला. गावोगाव फिरला. अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी येऊन पोचला. तेथे गुरूच्या घरी घागरींनी पाणी भरावे आणि पहाटे खर्ज भरावा, हाच त्याचा क्रम झाला. तोच पोरगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ १९५३ सालापासून त्यांनी पुण्यात संगीतोत्सव चालविला. आणि त्यांनी तुकोबांचे, नामदेवरायांचे अभंग गायिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या घराघरांत विठ्ठलनाम दुमदुमले. २०११ साली ते गेले, पण कित्येक गावांत पहाट अजूनही त्यांच्या आवाजाने होते. विठ्ठलनामाची त्यांची तार सप्तकातली ती हाक ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे, की तिचा पाया कुंदगोळच्या पहाटेच्या खर्जात आहे आणि त्याही खाली मिरजेच्या तंबोऱ्यात आहे.

म्हणून आमच्या भजनी मंडळांस आमचे हात जोडून सांगणे आहे. वारीला निघण्याआधी निदान तीन-चार महिने रोज पहाटे थोडा वेळ खर्ज भरा. काकड्याला उठतोच, त्याच्या आधी थोडे उठावे. पेटीची पट्टी इतरांना जिंकण्यासाठी वर चढवू नका. सर्वांना झेपेल तीच पट्टी धरा. वर जाताना खांदे उचलू नका, हनुवटी आकाशाकडे नेऊ नका, तोंड मोकळे उघडा. ‘ई’कार आणि ‘ऊ’कार वरच्या स्वरावर गळा आवळतात, ते थोडे मोकळे करून घ्या. चालता चालता पाणी थोडे थोडे पीत राहा. एकाने अभंग धरला तर बाकीच्यांनी धृपद झेलावे आणि त्याच्या गळ्याला विसावा द्यावा; आपल्या वाडवडिलांनी ही रीत उगीच घातलेली नाही. आवाज बसला तर दोन दिवस टाळ वाजवा, पण गाऊ नका. कुजबुजून बोलूही नका, त्यानेही घशाला ताणच पडतो. घोगरेपणा पंधरा-वीस दिवस हटला नाही, तर खडीसाखरेवर विसंबू नका, वैद्य-डॉक्टरांना गळा दाखवा.

आणि सर्वांत मुख्य म्हणजे वीणेचा सूर ऐका. आरंभी ज्या वृद्ध वीणेकरी बुवांची गोष्ट सांगितली, त्यांचे गुपित आम्हांस आता कळले आहे. त्यांच्या खांद्याला वीणा असते आणि तिची तार दिवसभर त्यांच्या कानाशी षड्ज बोलत असते. ते त्या षड्जात मिळून गातात, त्याच्यावर मात करायला जात नाहीत. खाँसाहेबांनी जन्मभर तंबोऱ्यापाशी हेच केले. दोघांनी तार षड्ज काही जिंकून घेतला नाही. ते नमून खाली बसले, आणि तोच त्यांच्यापाशी आला.

पांडुरंगाला आपला आवाज मोठा लागत नाही. पण जो आवाज त्याने दिला तो पंढरीपर्यंत शाबूत पोचविणे, हे आपले काम आहे.

रामकृष्ण हरी.